पायाला हवेचे बूट घालून नेमकं होतं काय?

हल्ली मॅरेथॉनचं बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, घ्यायला गेलं की एका कोपऱ्यात चारपाच जण आरामखुर्चीत आडवे पडलेले दिसतात, दोन्ही पायांत मांडीपर्यंत फुगलेले काळे बूट, हातात मोबाईल आणि चेहऱ्यावर असं समाधान की त्यांना उठवायचं जिवावर यावं. फिजिओच्या क्लिनिकमधे, मोठ्या जिममधे आणि आता तर ऑनलाइन सेलमधे आईबाबांना गिफ्ट म्हणून पण हे मशीन मिळतं. कोणी एअर कॉम्प्रेशन थेरपी म्हणतं, कोणी रिकव्हरी बूट, कोणी सरळ नॉर्माटेक म्हणतं, जे खरं तर एका ब्रँडचं नाव आहे. आणि दावे तर विचारूच नका, रक्ताभिसरण सुधारतं, लॅक्टिक अ‍ॅसिड निघून जातं, टॉक्सिन बाहेर पडतात, व्हेरिकोज व्हेन्स बऱ्या होतात, मांड्या पण बारीक होतात म्हणे. यातलं काही खरं आहे, काही अर्धं खरं आहे आणि काही नुसतीच हवा आहे, म्हणून म्हटलं एकदा नीट मांडूया.

मी घालून बघितलेत. झिप मांडीपर्यंत ओढली की आधी काहीच होत नाही, मग छोट्या डब्यातला पंप घुरघुरायला लागतो आणि पंजाभोवतीचा कप्पा भरतो, पंजा घट्ट धरल्यासारखा होतो, तो तसाच धरलेला असताना पोटरीचा कप्पा भरतो, मग गुडघ्याचा, मग मांडीचा, आणि पूर्ण पाय आवळला गेला असं वाटेपर्यंत फुस्स करून सगळी हवा सुटते. दोनपाच सेकंदांनी परत पंजापासून सुरू. आवळलेलं सुटतं ना, तेव्हा पायात एक ऊबदार सळसळ जाणवते. छान वाटतं, यात वादच नाही. पहिल्या पाच मिनिटांत डोळे जड होतात.

आता हे असं खालून वरच का, आणि आवळून सोडायचं कशासाठी, हे कळायला आधी आपल्या पोटरीकडे बघायला लागेल. हृदय रक्त ढकलतं, ते पायाच्या बोटांपर्यंत पोचतं, इथपर्यंत ठीक. पण परत वर यायचं कसं? धमन्यांमधून खाली येताना रक्ताला जो जोर असतो तो केसासारख्या बारीक वाहिन्यांतून जाता जाता बराचसा संपलेला असतो, आणि शिरांमधून वर चढायचं तर पूर्ण पायाची उंची गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध. माणूस नुसता उभा राहिला तर घोट्यापाशी शिरेतला दाब ८० ते ९० पर्यंत जातो (हे आकडे बीपीचे असतात तेच, पाऱ्याच्या मिलिमीटरमधे), कारण घोट्यापासून हृदयापर्यंत रक्ताचा अखंड उभा खांब त्यावर बसलेला असतो. तोच माणूस चालायला लागला की हा दाब उतरून २०-३० वर येतो. एवढा फरक फक्त चालण्याने.

हे काम करते ती पोटरी. गावाकडचा हापसा आठवा. दांडा मारला की पाणी वर चढतं आणि आतला वायसर ते परत खाली जाऊ देत नाही. पोटरीचा स्नायू प्रत्येक पावलाला आवळतो, त्याच्या आतल्या खोल शिरा पिळल्या जातात, रक्त वर सरकतं, आणि शिरांमधे जागोजागी ज्या एकेरी झडपा आहेत त्या लगेच मिटतात. पुढचं पाऊल, पुढचा दांडा. आणि हापशाचा वायसर गेला की दांडा कितीही मारा पाणी येत नाही, तसंच झडपा ढिल्या पडल्या की रक्त परत खाली सांडतं, शिरा फुगतात, वेड्यावाकड्या होतात, त्यालाच आपण व्हेरिकोज व्हेन्स म्हणतो. ट्रॅफिक पोलीस, शिक्षक, सलूनवाले, साडीच्या दुकानात दिवसभर उभी असणारी मंडळी, यांच्या पायांकडे बघितलं की कळतं. आणि दिवसभर खुर्चीत बसणारे आपण काही वेगळे नाही, फक्त आपला हापसा बंद ठेवायची पद्धत वेगळी.

रक्ताबरोबर अजून एक गोष्ट असते, पाणी. बारीक वाहिन्यांतून थोडं थोडं पाणी सतत मांसात पाझरत असतं, आणि ते उचलून परत रक्तात नेऊन टाकायला लिम्फच्या, म्हणजे लसिकेच्या, वाहिन्यांचं वेगळं जाळं आहे. त्यांना हृदयासारखा पंप नाही. त्यांच्या भिंती स्वतः थोड्या आकुंचन पावतात आणि बाकी स्नायूंची हालचाल, श्वास यावर काम चालतं. पाझर जास्त आणि उचल कमी झाली की सूज. संध्याकाळी मोजे काढल्यावर घोट्यावर जो वळ दिसतो ना, तो बऱ्याचदा ह्याच पाण्याचा.

तर हवेचे बूट काय करतात? पोटरीचं काम बाहेरून करतात, बास. स्नायू आतून आवळायच्या ऐवजी हवा बाहेरून आवळते. कप्पे एकापाठोपाठ भरतात कारण सगळे एकदम भरले तर खालचं रक्त आणि पाणी जिथल्या तिथे अडकेल, आणि मधेमधे सोडायचं अशासाठी की शिरा परत भरायला पाहिजेत, नाहीतर पुढच्या वेळी पिळायला आत काय असणार. शिरा रिकाम्या झाल्या की धमनीकडून येणाऱ्या रक्तालाही वाट मोकळी होते, आणि रक्त जोरात सरकल्यामुळे वाहिनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं ज्याने वाहिन्या जरा सैलावतात. ती ऊबदार सळसळ बहुतेक त्यातलीच. बाजारातल्या चांगल्या बुटांवर दाब साधारण ३० पासून १०० च्या आसपास ठेवता येतो. बीपी मोजताना दंडावरची पट्टी १६०-१८० पर्यंत फुगवतात, त्यामुळे १०० ऐकून घाबरायचं कारण नाही, पण तो पूर्ण पायावर आणि अर्धा तास असतो हेही लक्षात असू द्या.

एक गंमत म्हणजे असंच फुगणारं कापड फायटर पायलट पण घालतात. पुण्याला लोहगावहून सुखोई उडतात त्यातल्या पायलटचा जी-सूट विमान जोरात वळलं की पायांभोवती आणि पोटाभोवती फुगतो, उद्देश इतकाच की रक्त सगळं पायात उतरून मेंदू कोरडा पडू नये आणि माणूस बेशुद्ध होऊ नये.

आता मुख्य मुद्दा. पोटरीचं काम मशीन करतं म्हटल्यावर खरा उपयोग कोणाला होणार, तर ज्याची पोटरी चालत नाहीये त्याला. म्हणून हे मशीन जिममधे यायच्या कितीतरी आधीपासून हॉस्पिटलमधे आहे. गुडघ्याच्या वाट्या बदलल्यावर किंवा मोठं पोटाचं ऑपरेशन झाल्यावर पेशंटच्या पोटऱ्यांना दोन पट्टे गुंडाळलेले असतात आणि पलंगाला अडकवलेला डबा मिनिटाला एकदा फुस्स करतो, ते हेच, फक्त साधं रूप, दाब ४०-५० च्या आसपास. कारण रुडॉल्फ फिर्शो नावाच्या जर्मन डॉक्टरच्या १८५६ च्या कामापासून आपल्याला माहितीये की शिरेत रक्ताची गुठळी व्हायला तीन गोष्टी कारण होतात, रक्त साचणं, वाहिनीला इजा आणि रक्त घट्ट व्हायची प्रवृत्ती, आणि ऑपरेशन झालेला निपचित पडलेला माणूस म्हणजे तिन्ही एकत्र. पायातली गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस तासाभरात जाऊ शकतो.

यावर चांगला अभ्यास झालाय. ब्रिटनमधे पक्षाघात होऊन अंथरुणाला खिळलेल्या २,८७६ पेशंटवर क्लॉट्स-३ नावाची मोठी चाचणी झाली, २०१३ मधे निकाल आला, मशीन लावलेल्यांत गुडघा-मांडीच्या मोठ्या शिरांतल्या गुठळ्या ८.५ टक्के आणि न लावलेल्यांत १२.१ टक्के. फरक छोटा दिसतो पण हॉस्पिटलच्या हिशोबात हा मोठा आहे, आणि त्याच मंडळींच्या आधीच्या चाचणीत २००९ ला घट्ट स्टॉकिंगचा काहीच फायदा दिसला नव्हता, उलट कातडी सोलवटायचं प्रमाण वाढलं. म्हणजे नुसतं आवळून ठेवून भागत नाही, आवळून सोडण्यात काम आहे. पण थांबा, २०१९ मधे सौदी अरेबिया, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि भारतातल्या आयसीयूंमधली अजून एक चाचणी आली, त्यात ज्यांना रक्त पातळ करायचं इंजेक्शन आधीच चालू होतं त्यांना वरून मशीन लावलं, आणि वेगळा फायदा निघाला नाही, ३.९ विरुद्ध ४.२ टक्के, म्हणजे सारखंच. जिथे दुसरं काहीतरी आधीच ते काम करतंय तिथे मशीन फारसं काही जोडत नाही. हे वाक्य रनर लोकांनी लक्षात ठेवावं, परत लागणार आहे.

(आणि हो, कोणी नातेवाईक ऑपरेशननंतर पडून असेल तर आवाजाने झोप येत नाही म्हणून ते पट्टे आपण होऊन काढून ठेवू नका, नर्सला विचारा. काढून उशाशी ठेवलेल्या पट्ट्यांचा उपयोग शून्य.)

दुसरे पेशंट म्हणजे लिम्फ अडलेले. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमधे काखेतल्या लिम्फच्या गाठी काढल्या की काही बायकांचा हात नंतर सुजतो, बांगडी चढत नाही, ब्लाउजची एक बाही तंग होते. त्यांच्यासाठी हाताची हवेची बाही मिळते. आणि आपल्याकडे विदर्भात, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा या पट्ट्यात, हत्तीपाय आहे. डासातून आलेला जंत लिम्फच्या वाहिन्यांत बसतो आणि वर्षानुवर्षं त्या वाहिन्या बिघडवतो. या दोन्ही प्रकारांत हवेचं मशीन मदत करतं पण एकटं पुरत नाही, कारण हवा पाणी ढकलते, त्या सुजेत अडकलेली प्रथिनं मात्र तशी सहज हलत नाहीत आणि तीच परत पाणी ओढून घेतात. शिवाय पायातलं पाणी वर ढकललं आणि जांघेपाशी रस्ता बंद असेल तर ते मांडीच्या वरच्या भागात नाहीतर जननेंद्रियापाशी जाऊन साचू शकतं. म्हणून जाणकार थेरपिस्ट आधी हाताने वरचा भाग मोकळा करतात, मग मशीन, मग पट्ट्या बांधणं. हत्तीपायात तर रोज साबणाने पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं हा उपाय कुठल्याही मशीनइतकाच मोलाचा आहे, कारण बेचकीतल्या चिरेतून जंतू गेले की ताप येऊन पाय लालभडक होतो आणि अशा प्रत्येक झटक्याने सूज एक पायरी वाढते.

नॉर्माटेकचा जन्मही असा उपचारातूनच झाला, लॉरा जेकब्स नावाच्या अमेरिकन डॉक्टर आणि बायोइंजिनिअर बाईंनी रक्ताभिसरणाच्या आणि सुजेच्या पेशंटसाठी ते मशीन केलं होतं. खेळाडूंनी ते नंतर उचललं, आणि २०२० मधे हायपरआइस कंपनीने विकत घेतल्यावर ते घरोघरी विकायची वस्तू झालं.

मग धावणाऱ्यांचं काय? आधी ते लॅक्टिक अ‍ॅसिडचं भूत उतरवूया. धावल्यावर रक्तात लॅक्टेट वाढतं हे खरं, पण तास-दीड तासात ते आपोआप नेहमीच्या पातळीला येतं, शरीर ते इंधन म्हणून वापरून टाकतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना जे रडू येतं त्याचा आणि लॅक्टिक अ‍ॅसिडचा संबंध नाही. ते दुखणं स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेचं आणि त्यानंतरच्या दाहाचं असतं, २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन केलेल्या कोणालाही विचारा, यवतेश्वरचा घाट चढताना दम निघतो पण मांड्या दुखतात त्या उताराने, कारण उतरताना स्नायू लांब होत होत ब्रेक लावत असतो आणि इजा अशा कामात जास्त होते. ही इजा हवेने भरून येत नाही. ती झोपेने, खाण्याने आणि दिवसांनीच भरते.

संशोधनात बहुतेक वेळा निघालंय ते असं की बूट घातल्यावर लोकांना दुखणं थोडं कमी वाटतं, पाय हलके वाटतात, पण दुसऱ्या दिवशी उडी किती, ताकद किती, पळायचा वेळ किती, असलं मोजायला गेलं की फारसा फरक दिसत नाही. आणि एक अडचण अशी की खोटी गोळी देता येते पण खोटे बूट कसे देणार, फुगलेत की नाही हे माणसाला कळतंच. त्यामुळे त्या कमी दुखण्यात मशीन किती आणि अर्धा तास पाय वर करून गप्प पडून राहणं किती, हे वेगळं काढणं कठीण. माझं मत विचाराल तर धडधाकट माणसाची पोटरी चालते, तिला बाहेरून पोटरी लावून फार मोठं काही मिळत नाही. पण ऊबदार वाटतंय, झोप छान लागतेय, तर करा की, पाय चेपून घ्यायला कधी कोणी पुरावा मागितला होता? फक्त त्यासाठी लाखभर रुपये घालवायचे का, आणि बूट घालायला म्हणून रात्री झोप कापायची का, हे बघा. मी तरी लांब रननंतर वीस मिनिटं रमतगमत चालतो. फुकट आहे.

बाकीच्या दाव्यांचं पटकन सांगतो. टॉक्सिन वगैरे काही नाही, ते काम लिव्हर आणि किडनी करतात. मांडीचा घेर सेशननंतर कमी भरतो तो पाणी सरकल्याने, चरबीचा काही संबंध नाही, आणि संध्याकाळी पाणी परत येतं. व्हेरिकोज व्हेन्समधे जडपणा कमी होतो, पण गेलेली झडप दुरुस्त होत नाही. आणि एक घोळ नेहमी होतो, हार्टसाठी 'विना ऑपरेशन, विना बायपास' अशा जाहिराती येतात त्या ईईसीपी मशीनचा. त्यातही पायाला पट्टे बांधून हवा भरतात, पण ईसीजीच्या ठोक्याला ठोका जुळवून, अडीचशे-तीनशेच्या दाबाने, साधारण ३५ सेशन, आणि ते औषधांनी आटोक्यात न येणाऱ्या छातीच्या दुखण्यासाठी आहे. हवेच्या बुटांशी त्याचा संबंध फक्त हवेचा. दोन्हीची जाहिरात एकाच दमात करणाऱ्यापासून लांब राहा.

आता जो भाग स्टॉलवर सहसा कोणी सांगत नाही. एकाच पायाला अचानक सूज आली, पोटरी दुखतेय, गरम लागतेय, लाल झालीय, आणि त्याआधी ऑपरेशन, प्लास्टर, खूप लांबचा प्रवास असं काही झालंय, तर हे बूट चुकूनही घालू नका. आत गुठळी असेल तर तिला पिळून वर पाठवायचा धोका आपण का घ्यायचा, आधी डॉपलर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी, करा. त्यासोबत दम लागला, छातीत दुखलं तर सरळ हॉस्पिटल गाठा. हार्ट फेल्युअर असलेल्यांच्या पायातलं पाणी मशीनने वर ढकललं तर ते जाऊन पडतं आधीच थकलेल्या हृदयावर, आणि फुप्फुसात पाणी भरू शकतं. ज्यांच्या धमन्याच अरुंद झाल्यात, म्हणजे थोडं चाललं की पोटरीत गोळा येतो आणि थांबलं की बरं वाटतं, विशेषतः सिगारेट किंवा तंबाखू आणि शुगर अशी जोडी असेल तर, त्यांच्या पायाला आधीच रक्त कमी, त्यावर आवळणं धोक्याचं. पायावर जखम, लाली, ताप असेल तर नको. शुगरमुळे तळवे बधिर झालेल्यांना दाब जास्त झालाय हे कळतच नाही, घडी पडून कातडीला जखम झाली तरी कळत नाही. गरोदर बाईने डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही.

आणि आईबाबांना गिफ्ट देण्याआधी एक बघा. घोट्यापाशी अंगठा दहा सेकंद दाबून धरा आणि सोडा, खड्डा राहिला तर ती पाण्याची सूज. दोन्ही पायांना असेल तर हृदय, किडनी, लिव्हर, थायरॉइड यातलं काहीही असू शकतं, किंवा अगदी साधं म्हणजे बीपीची अ‍ॅम्लोडिपिनची गोळी, जिच्याने पाय सुजणं फार कॉमन आहे. गोळी बदलून जी सूज जाईल ती मशीनने रोज दाबत बसण्यात काय अर्थ आहे, आणि किडनीची सूज असेल तर मशीनमुळे ती महिनोन्महिने लपून राहील. आधी डॉक्टर, मग ऑर्डर.

यातलं काही लागू नसेल आणि घालून बघायचंच असेल तर सैल पातळ पँट आणि मोजे घालून बसा, खिशातल्या किल्ल्या काढा, दाब सगळ्यात कमी ठेवून सुरू करा आणि २०-३० मिनिटांत थांबा. घट्ट वाटायला हरकत नाही, दुखायला नको, मुंग्या नकोत, बोटं निळी-पांढरी नकोत. विकत घेताना दाब आकड्यात दिसतो का ते विचारा, नुसतं लो-मिडियम-हाय लिहिलेल्या स्वस्त मशीनमधे हाय म्हणजे किती हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. ऑपरेशननंतर किंवा लिम्फच्या सुजेसाठी डॉक्टरने सांगितलं असेल तर आधी भाड्याने मिळतं का बघा, आणि जाताना मांडीचा घेर आणि पायाची लांबी टेपने मोजून कागदावर लिहून न्या, कारण बूट सैल असला तर हवा बुटात भरते आणि पायाला काहीच कळत नाही.